पाठमोरा मास्तर

२०२४ च्या सप्टेंबरअखेरची गोष्ट. आमच्या तालुक्यातील एका खेड्याच्या शाळेतून मला बोलावणे आले. गावकऱ्यांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी लोकवर्गणी जमवून शाळेसाठी एक भलामोठा स्मार्ट बोर्ड घेतला होता. त्याचे उद्‌घाटन 'जुन्या पिढीतील अनुभवी शिक्षक' म्हणून माझ्या हस्ते करावयाचे ठरले होते. छत्तीस वर्षे मास्तरकी केल्यावर माणसाला दुसरे काही मिळो न मिळो, नारळ फोडण्याचा मान मात्र मिळतो. मी गेलो.

नारळ फुटला, पेढे वाटले गेले, भाषणे झाली. मग सातवीच्या वर्गात त्या बोर्डावरचा पहिला पाठ झाला. विषय होता चंद्राच्या कला. काळ्याभोर आकाशातून निळी पृथ्वी फिरत फिरत पुढे आली, तिच्याभोवती चंद्र प्रदक्षिणा घालू लागला, मागे मंद संगीत सुरू झाले आणि एका गोड आवाजाच्या बाईने अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत सारे समजावून सांगितले. तीन मिनिटांत पाठ संपला. खोटे कशाला सांगू, मीही तोंड उघडे टाकून पाहत राहिलो होतो. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

वर्गाच्या बाई वयाने माझ्या धाकट्या मुलीहूनही लहान, पण मोठ्या उत्साही. त्या म्हणाल्या, "सर, मुलांना काहीतरी विचारा ना!"

पहिल्या बाकावर एक चुणचुणीत मुलगी बसली होती. तिला मी विचारले, "बाळ, परवा पहाटे अर्धाच चंद्र दिसत होता. उरलेला अर्धा कुठे गेला?"

क्षणभरही न थांबता ती म्हणाली, "त्याच्यावर पृथ्वीची सावली पडली."

"बरोबर?" मी वर्गाला विचारले.

"बरोबर!" सारा वर्ग एका सुरात गरजला.

वाचकहो, हे उत्तर चूक आहे. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती चंद्रग्रहणात, आणि ग्रहण लागते ते पौर्णिमेलाच. एरवी चंद्राचा सूर्याकडचा अर्धा भाग उजळलेला असतो आणि दुसरा अंधारात. त्या उजळलेल्या भागापैकी आपल्याला येथून किती दिसतो, ह्यावर त्याची कला ठरते. पण उत्तर चुकले ह्याचे मला नवल वाटले नाही. नवल वाटले ते ह्याचे की हेच उत्तर, जवळजवळ ह्याच शब्दांत, मी जवळपास पन्नास वर्षांपूर्वी माझ्या वर्गात ऐकले होते. तेव्हा माझ्या हाती खडू होता आणि आज भिंतीवर विजेचा फळा आहे. मग मधल्या काळात आम्ही मिळवले काय?

त्या दिवशी घरी परतताना एस. टी. त बसून मी ह्याच प्रश्नाचा विचार करीत होतो. आणि मला शेवटच्या बाकावरचा एक मुलगा आठवला.

कुलपातले यंत्र

१९७४ साली मी एका तालुक्याच्या गावी शाळेत लागलो. वर्गात साठ मुले, एक फळा, खडूचा डबा आणि भिंतीवर वाळवी लागलेला भारताचा नकाशा, एवढे माझे भांडवल. चंद्राच्या कला मी फळ्यावर शिकवीत असे. मधोमध पृथ्वीचे वर्तुळ, भोवती चंद्राची आठ वर्तुळे, बाजूला सूर्यकिरणांचे बाण. वर्तुळे मी सुरेख काढी. कंपास न लावता काढी, आणि त्याबद्दल शाळेत माझी ख्याती होती. काढता काढता बोलायचे, ते अर्थातच फळ्याकडे तोंड करून. मुले आकृती उतरवून घेत, पाठ करीत, परीक्षेत जशीच्या तशी काढीत आणि मी बरोबरची खूण करी. परीक्षेबाहेर कधी विचारले, तर उत्तर ठरलेले: पृथ्वीची सावली!

शेवटच्या बाकावरच्या त्या मुलाचे नाव येथे सांगत नाही. त्याला तेथे मीच बसवले होते, कारण माझ्या मते तो 'ढ' होता. हाक मारली तरी पुष्कळदा उठत नसे. प्रश्न विचारला की उत्तर द्यायचे सोडून शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाही. दोन वर्षे मी त्याला मठ्ठ, आळशी, उद्धट अशी सारी विशेषणे बहाल केली आणि एकदोनदा छडीही दिली. हे लिहिताना आज हात जड होतो. पण लिहिले पाहिजे.

शाळेत फिल्मस्ट्रिप दाखवण्याचे एक यंत्र आहे, असे मी ऐकून होतो. ते हेडमास्तरांच्या कपाटात कुलपात असे. "वापरले तर दिवा जाईल, आणि दिवा गेला तर नवा पुण्याहून आणावा लागेल," असा त्यांचा युक्तिवाद होता. यंत्र बिघडू नये म्हणून ते वापरूच नये, हे तर्कशास्त्र आमच्या शाळांतून अजून नाहीसे झालेले नाही. मी महिनाभर त्यांचा पिच्छा पुरवला. दिवा गेल्यास पगारातून भरून देईन, असे लिहून दिले. अखेर १९७६ सालच्या एका शनिवारी यंत्र माझ्या ताब्यात आले.

खिडक्यांना सतरंज्या लावल्या. समोरच्या भिंतीवर माझे धुवट धोतर ताणून बसवले. चित्र मोठे पडावे म्हणून यंत्र अगदी मागे, शेवटच्या बाकाला लागून ठेवावे लागले. फिल्मस्ट्रिप म्हणजे मुकी चित्रे. हाताने कळ फिरवायची, एकेक चित्र पुढे सरकवायचे आणि बोलायचे ते मास्तराने.

पाचव्या चित्राला कळ अडकली. काही केल्या पट्टी पुढे सरकेना. पडद्यावर अर्धा चंद्र तसाच राहिला. साठ मुले अंधारात चुळबुळू लागली. वेळ मारून नेण्यासाठी मी सुचेल ते विचारत सुटलो. "ह्या चित्रात सूर्य दाखवलेला नाही. तो कोणत्या बाजूला असेल?"

माझ्या कोपराजवळून आवाज आला, "उजव्या अंगाला, गुरुजी. उजेड तिकडं हाय."

तो माझा 'ढ' होता.

"मग ह्या अर्ध्या काळ्या भागावर कोणाची सावली पडली?"

"सावली न्हाई कुणाची. ती चंद्राची पाठ हाय, गुरुजी. सूर्याकडनं फिरवलेली."

इतके नेमके उत्तर त्या वर्गात मला कोणी दिले नव्हते. मी हरखून गेलो. शिक्षकांच्या खोलीत जाऊन सांगितले, "हा मुलगा कानाने शिकणारा नव्हे, डोळ्याने शिकणारा आहे! चित्र दाखवताच कसा फुलला पाहा!" पुढचे तीन आठवडे मी ह्या सिद्धान्तावर खूश होतो.

मग नदीच्या कार्यावरची दुसरी फिल्मस्ट्रिप लावायची वेळ आली. मागच्या प्लगमधून ठिणग्या उडू लागल्या होत्या, म्हणून यंत्र पुढच्या कोपऱ्यात ठेवले. चित्रे चांगली होती. मी त्या मुलाला तीनदा प्रश्न विचारला. तो उभा राहिला आणि अंधारात पुन्हा शेजाऱ्याचे तोंड शोधू लागला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रथम शंका आली. तास संपल्यावर मी त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि नावाने हाक मारली. तो वळला नाही. मोठ्याने मारली. तरी वळला नाही. तिसऱ्या हाकेला वर्गातली बाकी सारी मुले वळली.

जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात तपासणी झाली. लहानपणापासून त्याचे कान वाहत होते. ऐकू पुष्कळच कमी येई. तो माझ्या ओठांच्या हालचालीवरून शब्द ओळखत असे, आणि मी दोन वर्षे फळ्याकडे तोंड करून बोलत होतो. त्या शनिवारी चमत्कार झाला होता खरा. पण तो निम्माच चित्राचा होता. चित्र अडकले होते म्हणून त्याला विचार करायला सवड मिळाली, आणि यंत्रामुळे मास्तर प्रथमच त्याच्या कानाशी येऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवसापासून तो पहिल्या बाकावर बसला. पुढे तो शालान्त परीक्षा पास झाला. ते श्रेय माझे नव्हे. माझ्या वाट्याला आली ती त्याची वाया गेलेली दोन वर्षे.

चित्रांची जुनी हौस

मुलांना दाखवून शिकवावे, ही कल्पना काही आजची नव्हे. चेक शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस ह्याने १६५८ साली मुलांसाठी लाकडी ठशांच्या चित्रांचे पुस्तक काढले. चित्रातल्या प्रत्येक वस्तूला आकडा आणि त्याच आकड्यापुढे मजकुरात तिचे नाव, अशी त्याची रचना होती. मूल बोटाने वस्तू शोधी आणि शब्द शिके. आपल्याकडे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात 'शांबरिक खरोलिका' ह्या नावाने काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशात पडद्यावर दाखवून लोकांना थक्क केले. ह्या दोन्ही ठिकाणी चित्र पुढे कधी सरकवायचे, हे माणसाच्या हाती होते.

दूरचित्रवाणी आली आणि ते हातचे गेले. दिल्लीत १९६१ साली शाळांसाठी कार्यक्रम सुरू झाले. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर, अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने, सहा राज्यांतील २४०० खेड्यांत कार्यक्रम पोचवण्याचा 'साइट' हा प्रयोग आपल्या देशाने केला. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. आम्ही वर्तमानपत्रांत वाचून हळहळत असू. पुढे १९८४ साली पुण्यात 'बालचित्रवाणी' स्थापन झाली आणि मराठीत मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम तयार होऊ लागले.

आमच्या शाळेतही टीव्ही आला. चित्रे हलू लागली, बोलू लागली. पण कार्यक्रम थांबवता येत नसे. एखाद्या मुलाने हात वर केला तर "थांब, आधी बघ" म्हणावे लागे, आणि संपेपर्यंत तो आपला प्रश्न विसरून जाई. दोष कार्यक्रमांचा नव्हता. प्रक्षेपणाचा स्वभावच तसा. नंतर कॅसेट आली. तिला थांबवण्याची कळ होती. पण इतकी वर्षे पाहत राहण्याची सवय लागलेली. ती कळ कोण दाबतो? मीही क्वचितच दाबली.

आज हातात जे आले आहे, ते पाहून तर माझ्यासारख्याचे डोळे फिरतात. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घातले. मोबाइल धरला की त्या पाठाची चित्रफीत समोर. २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम यादीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. २०१७ साली निघालेल्या 'दीक्षा' ह्या सरकारी व्यवस्थेमुळे असे कोड पुस्तकापुस्तकांत आले. भूमितीसाठी 'जिओजेब्रा' फुकट मिळते. त्रिकोणाचा कोपरा बोटाने धरून ओढा, तिन्ही कोन बदलतात, बेरीज मात्र १८० अंशांवरून हलत नाही. आमच्या वेळी हा सिद्धान्त मुले पाठ करीत. आज ती तो मोडून पाहण्याचा प्रयत्न करू शकतात, आणि तो मोडत नाही हे स्वतः पाहतात.

पंडित काय म्हणतात

एवढे असून उत्तर 'पृथ्वीची सावली' हेच का? ह्या विषयावर पंडितांनी पुष्कळ काम केले आहे. त्यातले मला समजले तेवढे सांगतो.

कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन पैव्हिओ ह्यांनी १९७१ साली मांडले की शब्द आणि चित्र मनात दोन निराळ्या वाटांनी साठतात. एखादी गोष्ट दोन्ही वाटांनी आत गेली, तर ती आठवणे सोपे जाते. अमेरिकेतील रिचर्ड मेयर ह्यांनी त्यापुढे जाऊन अनेक प्रयोग केले. चित्राशी संबंध नसलेले संगीत आणि सजावट काढून टाकली की मुले अधिक शिकतात. शब्द ज्या भागाविषयी आहे त्याच्या शेजारीच असावा. आणि लांबलचक पाठाचे तुकडे करून, पुढे जाण्याची कळ शिकणाऱ्याच्या हाती द्यावी. माणसाच्या मनाची ओंजळ लहान असते. एकदम ओतले तर सांडते.

माझ्या 'डोळ्याने शिकणारा मुलगा' ह्या सिद्धान्ताचे काय झाले? काही मुले डोळ्याने शिकतात, काही कानाने, अशी वर्गवारी आजही अनेक प्रशिक्षणांतून सांगितली जाते. २००८ साली अमेरिकेतील चार मानसशास्त्रज्ञांनी ह्या मताचे पुरावे तपासून पाहिले. मुलांचे असे प्रकार पाडून त्यानुसार शिकवल्याने फायदा होतो, ह्याला पुरेसा आधार त्यांना सापडला नाही. चांगले चित्र आणि चांगला शब्द ह्यांची जोड सर्वांनाच उपयोगी पडते. मी मात्र एका बहिऱ्या होत चाललेल्या मुलाला 'डोळ्याने शिकणारा' अशी चिठ्ठी चिकटवून मोकळा झालो होतो. त्याचे कान तपासायला त्या चिठ्ठीमुळे आणखी तीन आठवडे गेले.

आणखी एक गोष्ट. २०१६ साली कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात दिसून आले की शब्द नुसता लिहिण्यापेक्षा त्याचे चित्र स्वतः काढले, तर तो अधिक लक्षात राहतो. चित्र चांगले यावे लागत नाही; काढावे मात्र लागते.

पुन्हा तोच चंद्र

आठवड्याने मी त्या बाईंना फोन केला आणि आणखी एक तास मागितला. त्या म्हणाल्या, "सर, या जरूर. पण एकाच धड्याला इतका वेळ दिला तर पोर्शन कसा पुरा व्हायचा?" ह्या प्रश्नाला माझ्याजवळ चोख उत्तर नव्हते, आजही नाही. प्रत्येक धड्याला इतका वेळ देता येत नाही. पण वर्षात चारसहा गोष्टी अशा असतात की त्या उलट्या समजल्या तर पुढचे सारे उलटे समजते. त्यांच्यापुरता तरी तो द्यावा, एवढेच मी म्हणालो.

ह्या वेळी चित्रफीत बाईंनी आवाज बंद करून लावली आणि अर्ध्या चंद्रावर थांबवली. मी सांगितले, "सूर्य कुठे असेल तो वहीत काढा." पाच मिनिटे वर्गात फिरलो. पंचवीस वह्यांत सूर्य नाना ठिकाणी उगवला होता. तीन मिनिटांच्या चित्रफितीने जे झाकून ठेवले होते, ते पाच मिनिटांत उघडे पडले.

मग खोलीत अंधार केला. मधोमध एकच दिवा लावला. पेन्सिलीच्या टोकाला रबरी चेंडू टोचून तो मुलांच्या हाती दिला. हात लांब करून, चेंडू डोक्यापेक्षा थोडा वर धरून, आपण जागच्या जागी डावीकडे गोल फिरायचे. आपले डोके म्हणजे पृथ्वी. दिव्याकडे तोंड असताना चेंडू काळा, ती अमावास्या. पाव फेरी झाली की अर्धा उजळ. दिव्याकडे पाठ झाली की पूर्ण, ती पौर्णिमा. एका मुलाने पाठमोरा असताना हात खाली घेतला आणि त्याच्याच डोक्याची सावली चेंडूवर पडली. तो ओरडला, "सर, गेला!" मी म्हणालो, "हे तुझे ग्रहण. पृथ्वीची सावली ती ही." चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली असल्यामुळे दर पौर्णिमेला ही सावली चंद्रावर पडत नाही, हेही त्यांना चेंडू वर-खाली करून आपोआप कळले.

त्या वेळी बाईंना एक युक्ती सुचली, आणि ती माझ्या स्वप्नातही आली नसती. त्यांनी आपला मोबाइल एका मुलीच्या डोळ्याशी धरला आणि त्याचे चित्र थेट बोर्डावर आणले. एका मुलीला दिसणारा चंद्र साऱ्या वर्गाला दिसू लागला! ती फिरेल तशी बोर्डावर कोर वाढत गेली. ते यंत्र खऱ्या अर्थाने शाळेत आले, ते माझ्या मते त्या क्षणी. नारळ तेव्हा फोडायला हवा होता. आता त्या तोच मोबाइल पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर आडवा ठेवून मुलाची वही, जास्वंदीचे फूल किंवा मटकीचे मोड बोर्डावर मोठे करून दाखवतात.

गृहपाठ कोजागरीला दिला. १६ ऑक्टोबरपासून लक्ष्मीपूजनापर्यंत रोज चंद्र पाहायचा आणि आकाशात दिसेल तसा वहीत काढायचा. सूर्य कुठे आहे, तिकडे बाण करायचा. कृष्णपक्षातला चंद्र रात्री उशिरा उगवतो, म्हणून पहाटे पाहायचा. मध्ये काही दिवस ढग आले. त्या पानांवर मुलांनी ढगच काढले.

सुटीनंतर वह्या आल्या. 'पृथ्वीची सावली' म्हणणाऱ्या त्या मुलीची वही मी मुद्दाम पाहिली. अष्टमीला डोक्यावर अर्धा चंद्र, बाण पूर्वेकडे. धनत्रयोदशीच्या पहाटे पूर्वेला बारीक कोर. नरकचतुर्दशीला, अभ्यंगस्नानाच्या आधी अंगाला उटणे लावलेले असतानाच अंगणात जाऊन काढलेली, केसाएवढी रेघ. कागदाला तेलाचा डाग होता. बाण क्षितिजाखाली गेला होता, आणि शेजारी लिहिले होते : 'सूर्य अजून उगवला नाही. पण कोरीवरून तो कुठे आहे ते कळते.'

सगळ्यांच्या वह्या अशा नव्हत्या. चारपाच मुलांनी अजूनही 'सावली' लिहिले होते. पण ती मुले कोणती, हे आता बाईंना ठाऊक होते.

परवा मी पुन्हा त्या शाळेवरून गेलो. दार उघडे होते. बोर्डावर नदीचे चित्र थांबलेले होते, मुले वहीत डोके घालून काही काढीत होती. बाई मला दिसेनात. मग लक्षात आले, त्या मोबाइलवरून बोर्ड चालवीत शेवटच्या बाकाशी उभ्या होत्या आणि वाकून एका मुलाचे बोलणे ऐकत होत्या.

मी आत गेलो नाही. तास मोडला असता.